एक्स-रे स्वच्छ आहे, मग धाप कशाने लागते?

वीस-पंचवीस वर्षं सिगारेट किंवा बिडी ओढणारा पन्नाशीतला माणूस. दुसरा मजला चढताना मधल्या वळणावर कठडा धरून थांबावं लागतं. बाजारातून येताना सोबतच्याला ‘जरा हळू चल’ म्हणावं लागतं. घरच्यांच्या आग्रहाने तो तपासणी करून घेतो. छातीचा एक्स-रे निघतो, कार्डिओग्राम निघतो, दोन्ही स्वच्छ. मग तो निर्धास्त होऊन विचारतो, ‘फुफ्फुसात काहीच नाही, म्हणजे ही धाप वयाचीच ना?’

बहुतेकदा याचं उत्तर ‘नाही’ असं असतं. वयाबरोबर श्वासाची ताकद थोडी उतरते हे खरं आहे, पण पन्नाशीतल्या निरोगी माणसाकडे दोन जिन्यांपुरती ती भरपूर शिल्लक असते. एक्स-रेवर क्षयाचे डाग दिसतात, न्यूमोनिया दिसतो, मोठी गाठ दिसते. धूर मात्र पहिली बरीच वर्षं आपलं काम करतो ते दोन मिलिमीटरहून अरुंद नळ्यांमध्ये, आणि ते त्या फोटोत उमटत नाही. हे नुकसान कुठे होतं, कसं होतं आणि कशाने मोजता येतं, ते क्रमाने पाहू.

१. श्वास सोडायला कष्ट का पडत नाहीत

नाकातून शिरलेली हवा मुख्य श्वासनलिकेत येते. तिचे दोन फाटे होतात, प्रत्येकाचे पुन्हा दोन, आणि अशी विभागणी साधारण तेवीस वेळा होते. शेवटी नळ्या संपतात आणि वायुकोश सुरू होतात. दोन्ही फुफ्फुसांत मिळून हे वायुकोश तीस ते पन्नास कोटी असतात, एकेकाची रुंदी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. त्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा भरेल, म्हणजे जवळजवळ साडेसातशे चौरस फूट. या भिंतीच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त असतं. मधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. ऑक्सिजन या पडद्यातून रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

श्वास आत घ्यायला स्नायू लागतात. छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, फुफ्फुस ताणलं जातं. श्वास सोडताना मात्र, आपण शांत बसलेले असू तर, काहीच करावं लागत नाही. वायुकोशांच्या भिंतींत इलास्टिन नावाचे लवचीक धागे असतात. ताणलेलं फुफ्फुस त्यांच्या बळावर आपोआप मूळ आकाराला येतं आणि हवा बाहेर पडते.

या धाग्यांचं आणखी एक काम आहे, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मोठ्या श्वासनलिकांना कूर्चेचा आधार असतो, त्यामुळे त्या मिटत नाहीत. अगदी बारीक नळ्यांना असा आधार नसतो. त्या उघड्या राहतात त्या आजूबाजूच्या वायुकोशांच्या भिंतींनी त्यांना चारी बाजूंनी ओढून धरलेलं असतं म्हणून. लग्नाचा मांडव जसा चहूकडच्या ताणदोरांवर उभा राहतो, तशी ही प्रत्येक नळी भोवतीच्या ताणावर उघडी असते. एखादा दोर सुटला तर मांडव पडत नाही. पाचपन्नास सुटले की कापड खाली यायला लागतं.

२. पहिल्या झुरक्यानंतरचे काही तास

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं सापडली आहेत. त्यांतली सुमारे सत्तर कॅन्सर घडवणारी आहेत. धुरातले कण इतके सूक्ष्म असतात की नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथून निकोटिन रक्तात शिरून दहा-वीस सेकंदांत मेंदूत जातं. ‘झुरका मारला की लगेच बरं वाटतं’ असं ओढणारे सांगतात, ते अगदी खरं आहे. सवय इतकी घट्ट का बसते याचं मोठं कारण हा वेगच आहे.

श्वासाच्या दृष्टीने पहिलं नुकसान करतो तो कार्बन मोनॉक्साइड. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं काम ऑक्सिजन वाहून नेणं. पण ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला ते दोनशेपट अधिक घट्ट धरतं. न ओढणाऱ्याच्या रक्तात असं अडकलेलं हिमोग्लोबिन एक-दोन टक्क्यांच्या आत असतं, नियमित ओढणाऱ्याच्या रक्तात पाच ते दहा टक्के. म्हणजे शंभरातले सात-आठ रेणू कामातून गेले. जे उरतात तेही आपल्याकडचा ऑक्सिजन स्नायूंना सहज सोडत नाहीत. जिना चढताना पायांना जास्त ऑक्सिजन हवा असतो, नेमका तेव्हा तो कमी पडतो.

कोरोनाच्या काळात घरोघरी आलेल्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल इथे सांगायला हवं. ते यंत्र रक्ताचा रंग पाहून आकडा सांगतं, आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिनही तसंच लाल दिसतं. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्याच्या बोटावर ९८ दिसले तरी ते सगळे ऑक्सिजनचे असतीलच असं नाही. त्या आकड्यावर विसंबून आपली छाती ठणठणीत आहे असं मानणारे पुष्कळ लोक आहेत.

यातली एक चांगली गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड निघूनही लवकर जातो. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर चार-पाच तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं आणि एक-दोन दिवसांत न ओढणाऱ्याइतकं होतं.

३. सकाळचा खोकला

श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर चिकट स्रावाचा पातळ थर असतो. हवेतली धूळ, जंतू त्यात अडकतात. अस्तराच्या पेशींना अतिसूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका लयीत हलतात आणि हा थर हळूहळू घशाकडे सरकवतात. तो आपण नकळत गिळून टाकतो. दिवसरात्र हे चालू असतं आणि निरोगी माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

धुरातली ॲक्रोलिन, फॉर्मल्डिहाइड यांसारखी रसायनं या केसांची हालचाल मंदावतात. पुढे केसच आखूड होतात, काही पेशी मरून त्यांच्या जागी केस नसलेल्या पेशी येतात. त्याच वेळी धुराच्या जळजळीमुळे स्राव तयार करणाऱ्या ग्रंथी मोठ्या होतात. म्हणजे कफ वाढला आणि तो वर आणणारी यंत्रणा मोडली. आता तो बाहेर काढायचा एकच मार्ग उरतो, जोरात खोकणं. रात्रभर साठलेला कफ सकाळी उठल्यावर खोकून काढावा लागतो.

ओढणाऱ्यांच्या घरात हा खोकला इतका सवयीचा होतो की त्याला कोणी आजार म्हणतच नाही. वैद्यकशास्त्र म्हणतं. सलग दोन वर्षं, दरवर्षी निदान तीन महिने, बहुतेक दिवशी कफाचा खोकला होत असेल आणि त्याला दुसरं कारण नसेल, तर तो जुनाट ब्राँकायटिस. साठलेल्या कफात जंतू वाढतात, म्हणून अशा माणसाची सर्दी हटकून छातीत उतरते.

४. धागे तुटतात कसे

१९६३ मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन हे दोन संशोधक रक्तातली प्रथिनं तपासत होते. सुमारे दीड हजार नमुन्यांपैकी पाचांत त्यांना एक ठरावीक प्रथिन जवळजवळ नसल्याचं आढळलं. त्या पाचांपैकी तिघांना तरुण वयातच वायुकोश फाटण्याचा आजार, म्हणजे एम्फिसिमा, झालेला होता. ज्या प्रथिनाचा अभाव होता त्याचं नाव अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. अशा जन्मजात कमतरतेची माणसं थोडीच असतात, पण त्यांच्यामुळे सिगारेट फुफ्फुस कसं पोखरते याचा मोठा उलगडा झाला.

धूर आत गेला की शरीर त्याला शत्रू समजतं आणि पांढऱ्या पेशी तिथे पाठवतं. जंतूंना मारायला या पेशींजवळ इलास्टेज नावाचं विकर असतं. ते जंतूंबरोबर आपले इलास्टिनचे धागेही कापू शकतं. असं होऊ नये म्हणून अल्फा-१ अँटिट्रिप्सिन त्याला आवर घालतं. ज्यांच्या रक्तात हे प्रथिन जन्मतःच नाही, त्यांचे धागे कापले जातात. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात ते असतं, पण दिवसातून दहा-वीस वेळा आलेल्या धुरामुळे पांढऱ्या पेशींची गर्दी कायमची वाढते, आणि धुरातली रसायनं त्या आवर घालणाऱ्या प्रथिनालाही निकामी करतात. धागे तुटतात, शेजारशेजारचे वायुकोश फाटून एक होतात, आणि देवघेवीची जागा आक्रसते. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात हे धागे पुन्हा पहिल्यासारखे विणले जात नाहीत. आजच्या कोणत्याही औषधाने गेलेले वायुकोश परत येत नाहीत.

हे होताना दुखत का नाही, असं कोणीही विचारेल. फुफ्फुसाच्या आवरणाला वेदना कळतात. आतल्या वायुकोशांना त्या कळत नाहीत.

५. अडकते ती आधीची हवा

धाप लागलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला हवा पुरेशी आत घेता येत नाही. मूळ अडचण उलट बाजूची असते. ताण सुटलेल्या बारीक नळ्या श्वास सोडताना मिटतात आणि त्यांच्या पलीकडची हवा आतच अडकते. जुनी हवा बाहेर गेली नाही तर नवीन हवेला जागा कुठली?

छाती ठीक असणाऱ्याने हे एकदा करून पाहावं. पूर्ण श्वास घ्या, त्यातला थोडाच सोडा, आणि त्याच्यावर पुन्हा श्वास घ्या. पुन्हा थोडाच सोडा. असं चार-पाच वेळा केलंत की छाती गच्च भरल्यासारखी वाटेल आणि जीव घाबरा होईल. हा आजार झालेला माणूस घाईने चालायला लागला की त्याचं हेच होतं. वेग वाढला की श्वास सोडायला वेळ कमी मिळतो, दर श्वासाला थोडी हवा मागे राहते. वर्षानुवर्षं हे चाललं की फुफ्फुस फुगलेलंच राहतं, छाती पिंपासारखी गोल दिसू लागते. श्वास घेणारा खालचा स्नायू सपाट होतो, त्यामुळे त्याला आणखी खाली जायला वाव उरत नाही. मग मानेचे, खांद्यांचे स्नायू कामाला लागतात. गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसलेले आजोबा आपण पाहिलेले असतात. तसं बसलं की या स्नायूंना बळ मिळतं. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडण्याची युक्ती बऱ्याच रुग्णांना कोणी न शिकवताच सापडते. त्यामुळे आतला दाब टिकतो आणि नळ्या लवकर मिटत नाहीत. ती खरोखरच उपयोगी आहे आणि ज्यांना सापडली नाही त्यांना शिकवावी.

कफाचा ब्राँकायटिस आणि वायुकोशांचा एम्फिसिमा, बहुतेकांना दोन्ही थोडे थोडे असतात. दोहोंना मिळून आज डॉक्टर ‘सीओपीडी’ म्हणतात. दम्यापेक्षा हा आजार वेगळा आहे. दम्यात आकसलेल्या नळ्या औषधाने बहुतांशी पूर्ववत मोकळ्या होतात, सीओपीडीत तशा होत नाहीत. तरी इनहेलरने, म्हणजे ज्याला आपण पंप म्हणतो त्याने, आराम पडतो, म्हणून पंप नेमाने घ्यायला हवा.

६. फुंकून मोजायचा श्वास

आता एक्स-रेच्या प्रश्नाकडे येऊ. १९६८ मध्ये हॉग, मॅक्लेम आणि थर्लबेक या संशोधकांनी दाखवून दिलं की या आजारातला अडथळा मुख्यतः दोन मिलिमीटरहून अरुंद नळ्यांत असतो. या नळ्या असंख्य असतात, एकीची वाट बंद झाली तर हवा दुसरीतून जाते. म्हणून त्यांतल्या पुष्कळशा गेल्या तरी माणसाला काही जाणवत नाही आणि एक्स-रेलाही दिसत नाही. जाणवू लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

त्याआधी हे कळण्याचा रस्ता आहे, आणि तो जुना आहे. लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये श्वास मोजण्याचं यंत्र, म्हणजे स्पायरोमीटर, वर्णन करून सांगितलं आणि दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजला. आजची तपासणी अशी असते. पूर्ण श्वास भरून घ्यायचा आणि नळीत जितक्या जोराने, जितका वेळ फुंकता येईल तितकं फुंकायचं. एकूण किती हवा निघाली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे यंत्र सांगतं. निरोगी मोठ्या माणसाची पाऊण किंवा त्याहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात निघते. समजा एकूण चार लिटर निघाली आणि पहिल्या सेकंदात फक्त दोन, तर ते प्रमाण पन्नास टक्के झालं. नळ्या मोकळ्या करणारं औषध देऊनही ते सत्तरच्या खाली राहिलं, तर सीओपीडी आहे असं धरतात.

पहिल्या सेकंदाचा हा आकडा वयानुसार कसा उतरतो ते फ्लेचर आणि पीटो यांनी लंडनमधल्या सुमारे आठशे कामगारांना आठ वर्षं पुन्हा पुन्हा तपासून १९७७ मध्ये मांडलं. तरुणपणानंतर तो प्रत्येकाचाच उतरतो, वर्षाला साधारण तीस मिलिलिटर. ज्यांचं फुफ्फुस धुराला नाजूक असतं त्यांचा दुप्पट किंवा त्याहून वेगाने उतरतो. प्रत्येक ओढणाऱ्याचं असं होत नाही, आणि आपलं फुफ्फुस कोणत्या जातीचं हे आधी सांगता येत नाही.

एक हिशेब करू. पंचविशीत दोन मित्रांचा आकडा चार-चार लिटर आहे. पहिला ओढत नाही, वर्षाला तीस मिलिलिटर गमावतो. पासष्टीला त्याच्याकडे दोन लिटर आठशे उरतील. दुसरा ओढतो आणि वर्षाला सत्तर गमावतो. पासष्टीला त्याच्याकडे एक लिटर दोनशे उरतील, म्हणजे अंघोळ करतानाही दम लागण्याची वेळ जवळ आली. हाच दुसरा मित्र पंचेचाळिसाव्या वर्षी पाहा. त्याच्याकडे दोन लिटर सहाशे आहेत. पहिल्या मित्राला या आकड्यावर यायला बहात्तरावं वर्ष उजाडेल. पंचेचाळिशीच्या माणसाच्या छातीत बहात्तरीचं फुफ्फुस आहे, आणि तरी तो सपाटीवर आरामात चालतो, एक्स-रे स्वच्छ येतो.

इंग्लंडमध्ये ओढणाऱ्यांना त्यांच्या फुफ्फुसाचं असं ‘वय’ सांगून पाहिलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वर्षभराने, ज्यांना वय सांगितलं त्यांच्यापैकी १३.६ टक्क्यांनी सिगारेट सोडली होती. ज्यांना नुसता आकडा कळवला होता त्यांच्यात हे प्रमाण ६.४ टक्के होतं. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक ओढणाऱ्याने ही तपासणी करून घ्यावी असं मला फार वाटतं. छातीविकार तज्ज्ञांकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ती होते.

७. ‘बिडी तर पानाची असते’

आपल्या देशात सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या ७.७ टक्के लोकांनी बिडी ओढत असल्याचं सांगितलं, ४ टक्क्यांनी सिगारेट. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातलं तेंदूपान आणि सोलापूर-सिन्नरकडे हातांनी वळलेली बिडी, यात रसायन नाही म्हणून ती सौम्य, असा समज खोलवर रुजला आहे.

बिडीत सिगारेटच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढी तंबाखू असते हे खरं. पण पान कागदासारखं हवा आत येऊ देत नाही, त्यामुळे बिडी सारखी विझते. ती जळती ठेवायला लवकर लवकर आणि जोराने झुरके घ्यावे लागतात, आणि धूर खोलवर जातो. कार्बन मोनॉक्साइड, निकोटिन आणि डांबर बिडीतून सिगारेटइतकं किंवा त्याहून जास्त शरीरात जातं. २००८ मध्ये भारतभरच्या मृत्यूंचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी घटलेलं दिसलं.

फिल्टरवाल्या ‘लाइट’ सिगारेटमध्ये फिल्टरला बारीक छिद्रं असतात. ओढणारा ती बोटांनी, ओठांनी नकळत झाकतो आणि निकोटिन पुरेसं मिळेपर्यंत खोल झुरके घेतो. हुक्क्याच्या पाण्याने धूर थंड होतो, गाळला जात नाही. वर कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड मिळतो तो वेगळाच.

आणि ज्यांनी आयुष्यात कधी काही ओढलं नाही अशांनाही सीओपीडी होतो. वर्षानुवर्षं शेणी-लाकडाच्या चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या फुफ्फुसात धूर तितकाच गेलेला असतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा मुद्दा ठळकपणे मांडला. डॉक्टर ‘विडीकाडी?’ असं विचारतात, तेव्हा ‘नाही’ म्हणून थांबू नये. चुलीपुढची वर्षंही सांगावीत.

८. सोडल्यावर काय परत मिळतं

हिशेबातल्या दुसऱ्या मित्राने पंचेचाळिसाव्या वर्षी सिगारेट सोडली असं समजा. गेलेले एक लिटर चारशे परत येत नाहीत. पण उताराचा वेग न ओढणाऱ्याइतका होतो. पासष्टीला त्याच्याकडे दोन लिटर असतील. एक लिटर दोनशे आणि दोन लिटर यांतला फरक म्हणजे घरात अडकून पडणं आणि स्वतः भाजी आणायला जाणं यांतला फरक. अमेरिका आणि कॅनडात सुमारे सहा हजार ओढणाऱ्यांवर झालेल्या पाहणीतही सोडणाऱ्यांचा उतार असाच मंदावलेला दिसला. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा पन्नास वर्षं मागोवा घेतला. त्यात साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही सरासरी तीन वर्षांचं आयुष्य परत मिळालं, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ.

२०२० मध्ये आणखी एक दिलासा देणारी गोष्ट कळली. सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत अशा पेशी सापडल्या की ज्यांच्या जनुकांवर धुराच्या खुणा जवळजवळ नव्हत्या. काहींच्या बाबतीत अशा पेशी चाळीस टक्क्यांपर्यंत होत्या, अजून ओढणाऱ्यांच्या चौपट.

पहिले काही दिवस निकोटिनची ओढ फार छळते. ते एकट्याने सोसण्याची गरज नाही. निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगम मिळतात. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

काही जणांचा खोकला सोडल्यावर आधी वाढतो. ‘बिडी होती तेव्हा कफ सुटायचा, आता छाती भरून आली’ असं म्हणून कित्येक जण महिन्याभरात पुन्हा सुरुवात करतात. बिडीने कफ सुटायचा तो धुराच्या जळजळीने खोकला यायचा म्हणून. आता अस्तरावरचे सूक्ष्म केस पुन्हा हलू लागलेले असतात आणि साठलेला कफ वर आणत असतात. काही आठवड्यांत हे शमतं. कफात रक्त दिसलं, वजन उतरलं, संध्याकाळचा ताप येऊ लागला तर मात्र वाट न पाहता बेडका तपासून घ्यावा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तरीही तपासून घ्यावा, कारण ओढणाऱ्यांना क्षयाचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त असतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि क्षयाची औषधं दोन्ही फुकट मिळतात.